‘वसतियोग्य’ : परग्रहविषयक एका मराठी संज्ञेचा इतिहास

१

परिभाषेचा इतिहास हा बहुधा कोशकारांचा विषय मानला जातो. साहित्यविचार त्याची दखल घेतो, ती प्रायः स्वतःच्या परिभाषेपुरती. एखादी विज्ञानसंज्ञा मराठीत येताना तिच्याबरोबर कोणता कर्ता, कोणती भूमी आणि कोणता संबंध गृहीत धरला जातो, हा प्रश्न मात्र वाङ्मयीन इतिहासाच्याही कक्षेत येतो. सूर्यमालेबाहेरील ग्रहांविषयीच्या मराठी लेखनात रूढ झालेली ‘वसतियोग्य’ किंवा ‘राहण्यायोग्य’ ग्रह ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

या संज्ञेमागील खगोलशास्त्रीय घटना अलीकडच्या आहेत. १९९२ मध्ये एका स्पंदकाभोवती फिरणारे ग्रह निश्चित झाले. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यसदृश ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला; त्यासाठी त्यांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. २००९ ते २०१८ या काळात केप्लर दुर्बिणीने अशा ग्रहांची रास उभी केली आणि २०२५ मध्ये निश्चित झालेल्या ग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली. त्यांतील थोडेच ग्रह आपल्या ताऱ्यापासून अशा अंतरावर आहेत की, अनुकूल वातावरण असल्यास त्यांच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. या अंतराच्या पट्ट्याला मराठीत ‘वसतियोग्य पट्टा’ असे म्हटले जाते. संज्ञेची शास्त्रीय व्याप्ती एवढीच आहे. पाणी असेलच असे ती सांगत नाही; जीव असेल असे तर नाहीच; आणि माणसाला तेथे राहता येईल, असे मुळीच सांगत नाही.

मराठी शब्द मात्र नेमके हे शेवटचे सांगतो. ‘राहणे’ या क्रियापदाला कर्ता लागतो. ‘हे घर राहण्यायोग्य आहे’ असे वाक्य ऐकताच कोणी राहण्यायोग्य, हे विचारावे लागत नाही. राहणारा माणूसच असतो. शास्त्रीय विधान आणि भाषिक विधान यांतील हे अंतर कोठून आले आणि त्याने काय साधले वा बिघडवले, हे पाहण्यासाठी दोन दिशांनी जावे लागते. एक दिशा मराठीतील परलोक-परग्रहकल्पनेच्या इतिहासाची आहे. दुसरी दिशा जमिनीवरील वस्तीच्या शब्दांची आहे. या दुसऱ्या दिशेने जाताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातले राजूर हे कोळसा खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव विशेष उपयोगी ठरते.

२

मराठी संज्ञेचा दोष केवळ भाषांतराचा आहे, असे समजणे घाईचे होईल. मूळ इंग्रजी संज्ञेतच ही संदिग्धता आहे. १९५३ मध्ये हार्लो शॅप्ली यांनी द्रवरूप पाण्याच्या पट्ट्याची कल्पना मांडली. १९५९ मध्ये सु-शु ह्वांग यांनी त्याच स्वरूपाच्या पट्ट्यासाठी वसतिवाचक संज्ञा वापरली. १९६४ मध्ये स्टीफन डोल यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ आला आणि त्याच्या शीर्षकातच हे ग्रह ‘माणसासाठी’ वसतियोग्य असल्याचे स्पष्ट केलेले होते. मोठ्या संख्येने माणसे फारशा कृत्रिम संरक्षणाशिवाय जेथे राहू शकतील असा ग्रह, ही डोल यांची कसोटी. त्यात श्वसनयोग्य हवा आली, सोसवेल असे गुरुत्वाकर्षण आले. हा अभ्यास रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संस्थेत झाला होता आणि तो काळ अंतराळस्पर्धेचा होता, हे लक्षात घेतले की ‘माणसासाठी’ या शब्दामागील आकांक्षा उलगडते. पुढे १९९३ मध्ये जेम्स कास्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या गणितात माणूस मागे सरला आणि पाणी उरले. त्यांच्या सावध हिशोबाने सूर्याभोवतीचा हा पट्टा पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.९५ पट ते १.३७ पट इतका ठरतो.

म्हणजे चाळीस वर्षांत एकाच संज्ञेने पाण्यापासून माणसापर्यंत आणि माणसापासून पुन्हा पाण्यापर्यंत प्रवास केला. शास्त्रज्ञांना हा बदल ठाऊक असतो, कारण त्यांच्यापुढे समीकरण असते. वाचकापुढे केवळ शब्द असतो. मराठीने १९९३ नंतरचा आशय स्वीकारला. शब्द मात्र असा निवडला की त्यातून १९६४ चा माणूस पुन्हा आत आला.

३

मराठीजवळ या विषयासाठी जुना शब्द नव्हता असे नाही. ‘लोक’ हा शब्द होता. भूलोक, भुवर्लोक, स्वर्लोक, महर्लोक, जनलोक, तपोलोक, सत्यलोक ही वरची सप्तके आणि खालची सप्तपाताळे मिळून चौदा भुवनांची रचना पुराणांतून कीर्तनात आणि कीर्तनातून बोलण्यात आली. ‘अनंतकोटी ब्रह्मांडे’ हा शब्दप्रयोग संतसाहित्याने इतका रुळवला की, विश्वात जग एकच नाही ही कल्पना मराठी मनाला धक्का देणारी कधी ठरलीच नाही. १६८६ मध्ये फाँतनेल यांनी अनेक जगांची कल्पना फ्रेंच वाचकांपुढे संवादरूपाने मांडली, तेव्हा त्यांना धर्मशास्त्राची अडचण सांभाळावी लागली होती. मराठीत तशी अडचण नव्हती.

‘लोक’ या शब्दाचे वैशिष्ट्य असे की, त्यात जग आणि त्या जगातील जन वेगळे काढता येत नाहीत. यक्षलोक म्हणजे यक्षांचे स्थान आणि यक्षही. रिकामा लोक ही कल्पनाच या शब्दात बसत नाही. म्हणून ‘हा लोक वसतियोग्य आहे काय?’ असा प्रश्न जुन्या मराठीत विचारता आला नसता. विचारला जाई तो प्रश्न ‘तेथे जाण्यास कोण पात्र आहे?’ हा. योग्यता स्थळाची नसून जाणाऱ्याची होती आणि ती पुण्यावर ठरत होती.

येथे सावध राहावयास हवे. १९८० नंतरच्या देशीवादी चर्चेत परक्या संज्ञेपुढे देशी संज्ञा ठेवून तिला निर्दोष ठरवण्याचा मोह अनेकांना झाला. ‘लोक’ ही संज्ञा निर्दोष नाही. पात्रतेची उतरंड तिच्यात अंगभूत आहे आणि भूलोकावरच्या उतरंडीला तिने आधारही पुरवला. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: दुसऱ्या जगाकडे पाहताना तेथे आधीच कोणी आहे, हे ती गृहीत धरते.

४

एकोणिसाव्या शतकात या ‘लोकां’चे ‘ग्रह’ झाले. १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केले आणि मराठी गद्य भौतिक जगाच्या वर्णनाला सरावू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहगणितासाठी नवी कोष्टके रचली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला; सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या ‘ज्योतिर्विलास’ला त्यांनी ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले होते. आकाशवाचन हे रसिकाचे काम आहे, ही भूमिका या उपशीर्षकात आहे.

जुने आणि नवे कसे एकत्र नांदत होते, याचे उत्तम उदाहरण व्यंकटेश बापूजी केतकर यांच्या लेखनात सापडते. केतकरांनी १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असे भाकीत गणिताने मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे सुचवली. पहिल्याचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे असा काढला. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोची कक्षा या आकड्यांच्या जवळ जाते. तो गणिताचा विजय की योगायोग, हा वाद बाजूला ठेवला तरी नामकरणाचा मुद्दा उरतो. न दिसलेल्या ग्रहाला केतकरांनी देवतेचे नाव दिले, म्हणजे युरोपीय रीत पाळली आणि त्याच वेळी त्या रिकाम्या कक्षेत एक परिचित रहिवासी बसवला.

कथासाहित्यातही हेच घडले. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’मधून ज्यूल व्हेर्न यांच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूपांतर क्रमशः आले, त्याचे नाव ‘चंद्रलोकची सफर’ असे होते. व्हेर्न यांच्या तोफगोळ्यातील चंद्र हा एक खगोल होता. मराठीत येताना तो ‘लोक’ झाला.

१९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि तिच्या कथास्पर्धांनी विज्ञानकथेला नियमित व्यासपीठ दिले. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते आणि त्यामागे जयंत विष्णु नारळीकर होते. नारळीकरांच्या पुढील पुस्तकांची नावे या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहेत: ‘यक्षांची देणगी’ (१९७९), ‘अंतराळातील भस्मासूर’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. यक्ष देणगी देतो, भस्मासूर वराचा शाप करतो, प्रेषित पाठवला जातो, वामन याचक म्हणून येतो आणि तीन पावलांत सर्व व्यापतो. ही सारी नामे येण्याच्या, देण्याच्या, मागण्याच्या संबंधांची आहेत. त्याच काळातील इंग्रजी विज्ञानकथेच्या एका प्रबळ धारेत दुसरा ग्रह म्हणजे नांगर घेऊन जाण्याची नवी जमीन होती. मराठी शीर्षकांनी दुसऱ्या जगाशी असलेले जुने नाते चालू ठेवले: तेथून कोणी तरी येते आणि त्याच्या येण्याने भूलोकाची परीक्षा होते.

नारळीकरांच्या संशोधनातही या प्रश्नाचा एक धागा होता. फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांनी जीवबीजे अवकाशातून पृथ्वीवर आली असावीत असे मत मांडले होते. त्याची चाचणी म्हणून हैदराबाद येथून २००१ आणि २००५ मध्ये बलूने सोडण्यात आली आणि ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने घेण्यात आले. २००५ च्या नमुन्यांतील जीवाणूंच्या तीन नव्या जातींची नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असे त्यातून सिद्ध झाले नाही. प्रश्नाची दिशा मात्र लक्षणीय आहे. ‘आपण कोठे राहू शकू?’ असे न विचारता तो प्रश्न ‘येथे राहणारे मुळात कोठून आले?’ असे विचारतो. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले आणि २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. विज्ञानकथेला मुख्य प्रवाहात स्थान मिळाल्याची चर्चा या निमित्ताने पुष्कळ झाली. त्यांच्या कथाशीर्षकांनी ‘वसतियोग्य’ या संज्ञेला दिलेला मूक प्रतिवाद दुर्लक्षितच राहिला.

५

हा प्रतिवाद कथेपुरता आहे की भाषेच्या अन्य व्यवहारांतही त्याला आधार आहे, हे पाहावयाचे तर आकाशातून गावात उतरावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ने नोंदवलेली पांढरी आणि काळी ही विभागणी मराठी वाचकाला परिचित आहे. गावाची वस्ती असते ती पांढरी, पिकते ती काळी. वसतियोग्यतेचा हा एक सिद्धान्तच आहे. घर कोठे बांधावे आणि पीक कोठे घ्यावे, हे त्यात मातीच्या रंगाने सांगितले जाते. महसुली दप्तरात याला जोडून आणखी एक शब्द आला. वस्ती उठलेल्या गावाला ‘बेचिराग’ म्हणत. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘दिव्यावाचून’ असा आहे: ज्या गावात रात्री दिवा लागत नाही ते निर्जन. पुढे मराठीत ‘चिराग’चा विसर पडून ‘राख’ ऐकू येऊ लागली आणि ‘बेचिराख’ म्हणजे जळून उद्ध्वस्त, असा नवा अर्थ रुजला. प्रकाशाच्या अभावाची नोंद विनाशाची नोंद झाली.

दप्तराला दिवा दिसला नाही म्हणजे तेथे कोणी नाही, हे अनुमान नेहमीच खरे नसते. यवतमाळ जिल्ह्यात कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. पोड हे बहुधा स्वतंत्र महसुली गाव नसते. ते दुसऱ्या गावाच्या नावाखाली मोडते. राहणारे असतात, पण त्यांच्या राहण्याची नोंद दुसऱ्याच्या नावावर असते. वसतीची कसोटी कोण लावतो, यावर वसती दिसणे अवलंबून असते.

राजूर याच जिल्ह्याच्या पूर्व भागात, वणीजवळ आहे. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव वणीवरूनच घेतले जाई. वर्धा खोऱ्यातील कोळशाचे सविस्तर भूशास्त्रीय वर्णन टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतर या पट्ट्याचे भवितव्य ठरत गेले. राजूरला कोळसा निघाला, चुनखडकावर भट्ट्या पेटल्या आणि गावाला ‘कॉलरी’ हे उपपद जोडले गेले. या दोन खनिजांचा इतिहास प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे.

हा कोळसा गोंडवन संघातील, पर्मियन काळचा, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ग्लॉसोप्टेरिस या आज नामशेष झालेल्या वनस्पतिकुळाची अरण्ये दलदलीत गाडली गेली, त्यांचे हे अवशेष. गोंडांच्या देशावरून या खडकसंघाला नाव मिळाले आणि पुढे एदुआर्ड सुस यांनी तेच नाव दक्षिण गोलार्धातील लुप्त भूखंडाला दिले. त्या काळी माणूस नव्हता, सस्तन प्राणी नव्हते, फुलणारे झाडही नव्हते. वणी परिसरातील पैनगंगा गटाचे चुनखडक त्याहून कितीतरी जुने, जमिनीवर वनस्पती येण्याच्या फार आधीचे आहेत. ते ज्या समुद्रात साचले, त्यात मुख्यत्वे सूक्ष्मजीवांचेच जग होते आणि वरच्या हवेत प्राणवायू इतका कमी होता की, माणूस तेथे काही मिनिटांपलीकडे तगला नसता.

डोल यांची १९६४ ची कसोटी लावली, तर चुनखडकाच्या काळातील पृथ्वी नापास होते. कास्टिंग यांची १९९३ ची कसोटी लावली तर ती उत्तीर्ण होते. आणि ‘लोक’ या शब्दाची कसोटी लावली, तर ती गजबजलेली होती. पृथ्वीने आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ जीवसृष्टीचे घर म्हणून घालवला आणि त्यातल्या जवळजवळ सर्व काळात ती माणसाला ‘राहण्यायोग्य’ नव्हती. दूरच्या ग्रहावर शास्त्रज्ञ जे शोधत आहेत ते बहुधा राजूरच्या चुनखडकाच्या काळासारखे काही असेल. त्याला ‘वसतियोग्य’ म्हणणारा मराठी वाचक मात्र मनात आजचे राजूर उभे करतो: घर, रस्ता, विहीर, दिवा.

या पट्ट्यात ‘वस्’ या धातूच्या आणखी एका शब्दाने प्रवेश केला आहे. वसती, वसाहत आणि पुनर्वसन हे एकाच कुळातील शब्द. कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनाचा कायदा १९५७ मध्ये झाला, १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्णत्वाला गेले आणि वर्धा खोऱ्यातील खुल्या खाणींसाठी काही गावे उठली. कामगारांची ‘वसाहत’ उभी राहिली, शेतकऱ्यांचे ‘पुनर्वसन’ झाले. जी पांढरी शतकानुशतके वसतियोग्य होती, ती खालच्या कोळशामुळे वसतीस अयोग्य ठरली. वसतियोग्यता हा भूमीचा नैसर्गिक गुण आहे, असे मानणाऱ्याने हा इतिहास ध्यानात घ्यावा.

६

‘वसाहत’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक घरांचा समूह, दुसरा जिंकून बसवलेला परमुलूख. वसाहतवाद या संज्ञेत दुसरा अर्थ पक्का झाला आहे. ‘वसतियोग्य ग्रह’ ही शब्दसंहती वाचकाला नकळत ‘वसाहतयोग्य ग्रह’ या अर्थाकडे नेते आणि ‘पृथ्वी बिघडली तर दुसरीकडे जाऊ’ या सोयीच्या कल्पनेला शास्त्राचा आधार असल्याचा भास निर्माण करते. साधे गणित या भासाला पुरे पडते. २०१६ मध्ये जाहीर झालेला प्रॉक्झिमा ‘बी’ हा सर्वांत जवळच्या ताऱ्याचा ग्रह ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर-१ च्या सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने तेवढे अंतर तोडण्यास सुमारे ७५,००० वर्षे लागतील. २०१७ मध्ये ज्याच्या सात ग्रहांची घोषणा झाली, तो ट्रॅपिस्ट-१ हा तारा याच्या जवळजवळ दहापट दूर आहे. तेथे वसाहत होणार नाही. तेथून प्रकाश तेवढा येईल.

आणि शोध प्रकाशाचाच चालू आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेल्या किरणांत वायूंच्या खुणा वाचल्या जातात. के२-१८ ‘बी’ या १२४ प्रकाशवर्षांवरील ग्रहाच्या वातावरणात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२५ मध्ये तेथे सजीवांशी निगडित असू शकणाऱ्या गंधकयुक्त संयुगाचे संकेत मिळाल्याचे सांगितले आणि अन्य अभ्यासकांनी त्या संकेताच्या विश्वासार्हतेवर लगेच आक्षेप घेतले. जुन्या दप्तरदाराप्रमाणेच खगोलशास्त्रज्ञही दूरवरून दिवा लागला आहे की नाही, हे पाहत आहे. फरक इतकाच की, दिवा न दिसल्यास तो ‘बेचिराग’ असा शेरा मारण्यास कचरतो. दुर्बीण अपुरी असू शकते, हे त्याला ठाऊक असते.

नव्या नामकरणात या जाणिवेचे एक उदाहरण सापडते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह यांना नावे देण्याचा अधिकार दिला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ हे नाव मिळाले. ग्रहासाठी पुण्यातील एका शाळकरी मुलाने सुचवलेले ‘सन्तमस’ हे नाव निवडले गेले. संस्कृतात सन्तमस म्हणजे सर्वत्र पसरलेला अंधार. नामकरणात त्याचा अर्थ मेघाच्छन्न असा दिला आहे. गुरूहून मोठा आणि दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात ताऱ्याभोवती फिरणारा हा तप्त ग्रह कोणत्याच कसोटीने वसतियोग्य नाही. केतकरांनी न दिसलेल्या ग्रहाला देवतेचे नाव दिले होते. या नावाने तेथे कोणालाही बसवले नाही. न दिसणे तेवढे नोंदवले.

मराठीत ‘जीवनानुकूल’ हा पर्याय आधीपासून वापरात आहे. तो उच्चाराला जड आहे आणि वृत्तपत्राच्या मथळ्यात मावत नाही, ही त्याची अडचण खरी. पण त्याचा कर्ता माणूस नसून जीवन आहे आणि ‘वसाहत’शी त्याचे नाते नाही. एक शब्द बदलल्याने दृष्टी बदलेल, असा दावा कोणी करू नये. ‘लोक’ हा शब्द असतानाही भूलोकावरच्या उतरंडी शाबूत राहिल्या होत्या. मात्र कोणाच्या राहण्याला राहणे म्हणावयाचे, हा प्रश्न पोडापासून प्रॉक्झिमापर्यंत एकच आहे, आणि ‘वसतियोग्य’ ही संज्ञा तो विचारला जाण्यापूर्वीच त्याचे उत्तर देऊन टाकते. परिभाषेच्या समीक्षेचे काम येथून सुरू होते.